जिथे हात, तिथे नजर

श्रोतेहो, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठी, कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाचे रान किती दाट असते हे आपणांस सांगायला नको. त्या रानात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे घोणस येते. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे नाग आपल्या ओळखीचा आहे. पण उसाच्या पाचटात हात घालणाऱ्या माणसाला घोणशीची ओळख अधिक हवी. नागाचे विष मुख्यत्वे मज्जातंतूंवर काम करते. घोणशीचे विष रक्तात भिनून त्याची गोठण्याची शक्ती घालवते, आणि काही रोग्यांची मूत्रपिंडे बंद पाडते. लघवी कमी होते, मग थांबते, अंगावर सूज येते.

अशा रोग्याला विषावरचे इंजेक्शन तर हवेच. पण मूत्रपिंडे बंद पडली असतील तर ती पुन्हा सुरू होईपर्यंत रक्त शुद्ध करण्याचे काम यंत्राकडे द्यावे लागते. यालाच आपण डायलिसिस म्हणतो. पुष्कळ रोग्यांची मूत्रपिंडे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा काम करू लागतात. मधला काळ निभावला म्हणजे माणूस चालत घरी जातो. हा काळ निभावण्यासाठी मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी घालावी लागते. त्या नळीला डॉक्टर कॅथेटर म्हणतात. ती नीट, एका प्रयत्नात आणि बिनधोक कशी घालावी, आणि त्या कामी चित्र दाखवणाऱ्या नव्या साधनांची मदत कशी होते, हा आजचा विषय आहे.

प्रथम हे पाहू, की नळी मानेतच का? सलाईन लावतात तशी हाताच्या शिरेत का चालत नाही? त्याचे उत्तर सोपे आहे. डायलिसिसच्या यंत्राला दर मिनिटाला साधारण २०० ते ३०० मिलिलिटर रक्त लागते, म्हणजे दर मिनिटाला एक मोठा पेला भरून. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला आणि त्याला बोटभर पाइप जोडला, तर कसे चालेल? हाताच्या बारीक शिरेतून एवढा प्रवाह निघत नाही. त्यासाठी हृदयाजवळची मोठी शीरच गाठावी लागते. डायलिसिसची ही नळी सुमारे चार मिलिमीटर जाड असते.

आता अडचण कुठे आहे ते बघा. शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी धमनी, आणि नीला म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी शीर. मानेत या दोघी शेजारणी आहेत. नळी घालायची ती शिरेत; आणि तिला अगदी खेटून मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी धडधडत असते. सुई शिरेऐवजी धमनीत गेली तर रक्त जोराने उसळते. थोडी खाली, छातीकडे गेली तर फुप्फुसाला टोचून तिथे हवा साठण्याचा धोका असतो. निरोगी माणसाला चुकलेली सुई काढून, दाबून धरून पुष्कळदा भागते. पण घोणस चावलेल्या माणसाचे रक्त जर गोठतच नसेल, तर सुईची प्रत्येक चूक महाग पडते. पुन्हा पुन्हा टोचून बघण्याची मुभाच तिथे नसते.

सुईवाटे नळी घालण्याची जी रीत आज जगभर चालते ती स्वीडनमधील डॉक्टर स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. आधी पोकळ सुई शिरेत घालायची. सुईतून एक लवचिक तार आत सरकवायची. मग सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत ढकलायची. शेवटी तार ओढून काढायची. विजारीत नाडी ओवताना काडी पुढे आणि नाडी मागे जाते, तसाच हा प्रकार. फक्त इथे काडीच्या जागी तार आहे. या रीतीत पुढचे सगळे पहिल्या सुईवर अवलंबून असते. ती सुई पूर्वी अंदाजाने घालत. मानेचे स्नायू, गळ्याचे हाड, धमनीची धडधड बोटांनी चाचपून शिरेची जागा ठरवत. मुरलेला गवंडी भिंत ठोकून आतली पोकळी सांगतो, तशी ती विद्या होती. मुरलेल्या हातांना ती साधतही असे. पण सगळ्यांच्या माना सारख्या नसतात. कुणाची शीर थोडी बाजूला असते, कुणाची धमनीवरच चढलेली असते, आणि सूज आलेल्या मानेत तर चाचपायला काही सापडतच नाही.

इथे मदतीला आली सोनोग्राफी. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदर बाईची तपासणी आठवते. पण मुळात ही आवाजाची विद्या आहे. महाबळेश्वरच्या एको पॉइंटवर आपण हाक मारतो आणि ती समोरच्या कड्यावर आपटून परत येते. हाक परत यायला किती वेळ लागला यावरून कडा किती लांब आहे ते काढता येते. हाच हिशेब शरीरात करायचा. फक्त आवाज आपल्या कानांच्या पल्याडचा घ्यायचा. मिरजेच्या तंबोऱ्याची तार सेकंदाला शे-दीडशे वेळा कंप पावते. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. मानेची शीर पाहणाऱ्या प्रोबमधील स्फटिक सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंप पावतात. विजेने स्फटिक थरथरतो आणि स्फटिक दाबला तर वीज निघते, हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांच्या १८८० पासूनच्या प्रयोगांतून कळला. म्हणून तोच स्फटिक हाकही मारतो आणि प्रतिध्वनीही ऐकतो.

शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. शीर त्वचेखाली दीड सेंटिमीटरवर असेल तर हाक जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण पन्नास हजारावा भाग लागतो. शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे: जाण्यायेण्याचे अंतर तीन सेंटिमीटर धरायचे. अशा असंख्य प्रतिध्वनींचा हिशेब करून यंत्र पडद्यावर चित्र उमटवते. रक्तातून प्रतिध्वनी फारच थोडा येतो, म्हणून शीर आणि धमनी दोन्ही काळ्या वर्तुळांसारख्या दिसतात. मग ओळखायच्या कशा? प्रोब हलकेच दाबला की शीर चपटी होते. धमनी गोलच राहते आणि ठोके देत असते.

या यंत्राचे मूळही आपल्याला जवळचे वाटेल. साखर कारखान्यात बॉयलर असतो. बॉयलरच्या पोलादात बाहेरून न दिसणारी चीर आहे का हे ध्वनीने तपासतात. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड १९५५ साली असेच यंत्र असलेल्या एका बॉयलर कारखान्यात गेले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यांनी मोटारीतून नेल्या होत्या, आणि तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही तिथे ठेवला होता. पोलादातली चीर सांगणारे यंत्र मांसातला फरकही सांगते हे त्यांना दिसले. १९५८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचा निबंध प्रसिद्ध केला.

मानेच्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफी वापरावी अशी शिफारस इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २००२ साली केली. पुढे २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले. सोनोग्राफीने पाहत सुई घातली तर ती चुकून धमनीत जाण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले.

मग प्रश्न संपला का? नाही. इथून आपला खरा विषय सुरू होतो.

डॉक्टरांचा एक हात प्रोबवर असतो, दुसऱ्या हातात सुई असते, आणि चित्र मात्र उमटते यंत्राच्या पडद्यावर. ते यंत्र बहुधा खाटेच्या बाजूला जिथे जागा असेल तिथे उभे असते. कधी डॉक्टरांच्या खांद्यामागेसुद्धा. हात खाली मानेपाशी, नजर वर पडद्याकडे. पुन्हा खाली, पुन्हा वर. मान वळवली की हात नकळत हलतो. हात केसभर हलला तरी प्रोबखालची शीर चित्रातून निसटते. शिवाय चित्रातले डावे-उजवे मनात उलगडून हाताला सांगावे लागते. यात किती कष्ट आहेत हे पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग करा. कागदावर एक चांदणी काढा. हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा आणि समोरच्या आरशात पाहून त्या चांदणीवरून पेन्सिल फिरवा. हुशार मुलाची पेन्सिलही पहिल्या वळणालाच भलतीकडे जाईल. त्याचा हातही चांगला असतो आणि डोळाही चांगला असतो; पण दोघांची गाठ पडत नाही.

ही गाठ घालण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९२ साली एक शिरस्त्राण वापरून दाखवले. ते डोक्यावर घातले की सोनोग्राफीचे चित्र गरोदर स्त्रीच्या पोटावर, म्हणजे जिथले चित्र तिथेच, दिसे. यंत्र अवजड होते आणि चित्र मागे रेंगाळे; पण दिशा कळली. त्यानंतर पिट्सबर्ग येथे जॉर्ज स्टेटन यांनी फारच साधी युक्ती काढली. त्यांनी प्रोबलाच एक लहान पडदा आणि एक अर्धपारदर्शक आरसा जोडला. आरशातून पाहिले की रोग्याचे अंगही दिसते आणि पडद्यावरच्या चित्राचे प्रतिबिंबही. ते प्रतिबिंब नेमके त्वचेखाली, शीर जिथे आहे तिथेच पडल्यासारखे दिसते.

ही गोष्ट शाळेत दाखवता येते. खोलीत थोडा अंधार करा. टेबलावर एक साधी काच उभी करा. काचेच्या अलीकडे, वीत-दीड वीत अंतरावर, पेटती मेणबत्ती ठेवा. पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. अलीकडून काचेतून पाहिले की मेणबत्ती पाण्यात जळताना दिसेल. मुले हसतील, चकित होतील. मग त्यांना सांगा, की मेणबत्तीच्या जागी सोनोग्राफीचा पडदा समजा आणि पेल्याच्या जागी रोग्याची मान. प्रतिबिंब आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर पडते, हा पाठ्यपुस्तकातला नियम एखाद्या माणसाच्या मानेतली शीर दाखवू शकतो.

आता त्याच कामासाठी चष्मेही निघाले आहेत. सोनोग्राफीचे चित्र बिनतारी येऊन डॉक्टरांच्या डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दिसते. नजर हातावर ठेवूनच चित्र पाहता येते. याचा उपयोग होतो का? दक्षिण कोरियात सेऊल येथे दोन वर्षांखालील ११६ बालकांवर याची चाचणी झाली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब मोजण्यासाठी या बाळांच्या मनगटातील धमनीत बारीक नळी घालायची होती. इतक्या लहान मुलाची ती धमनी किती नाजूक असेल याची कल्पना करा. नेहमीच्या पडद्याकडे पाहून काम केले तेव्हा ५८ पैकी ४२ बाळांत पहिल्याच प्रयत्नात नळी गेली. चष्मा लावून केले तेव्हा ५८ पैकी ५१ बाळांत गेली. म्हणजे त्या गटातल्या आणखी नऊ बाळांची दुसरी टोचणी वाचली.

मात्र नवे यंत्र आले की सगळे दोष गेले, असे समजू नये. चष्म्याचा भार नाकावर येतो. झगझगीत दिव्याखाली चित्र फिके दिसते. अंगावर चित्र बसवणाऱ्या साधनांत चित्र किंचित जरी सरकले तरी शीर आहे एकीकडे आणि दिसते दुसरीकडे, असे होऊ शकते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की सोनोग्राफी शरीराचा एक पातळ काप दाखवते, भाकरीचा एक पापुद्रा दाखवावा तसा. सुई त्या पापुद्र्याला आडवी छेदून गेली तर पडद्यावर फक्त एक पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका सुईचे टोक आहे की मधला दांडा, हे चित्र सांगत नाही. टोक शिरेची मागची भिंत भेदून पुढे गेलेले असले तरी ठिपका जागच्या जागी दिसत राहतो. टोकाचा मागोवा घेत प्रोब हळूहळू पुढे सरकवणे ही हाताची शिस्त आहे. ती चष्म्याबरोबर विकत मिळत नाही.

ही शिस्त सरावाने येते, आणि सराव माणसाच्या मानेवर का करावा? चायना ग्रास किंवा जिलेटिनची घट्ट जेली करून त्यात पाणी भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या की सोनोग्राफीत त्या शिरांसारख्या दिसतात. शिकाऊ डॉक्टरांनी अशा जेलीवर वाटेल तितक्या वेळा सुई घालावी, चुकावे आणि पुन्हा करावे. इथे पडद्याचा आणखी एक लाभ आहे. जुन्या रीतीत शिष्याच्या बोटांना काय लागते आहे ते गुरूला कळत नसे. आता दोघेही एकच चित्र पाहतात, आणि सुई चुकण्याच्या आधीच गुरू थांबवू शकतो. मिरजेला वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ सालचे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे. कराड, सांगली आणि आता सातारा येथेही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिकणारे हात आपल्या दोन जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. त्यांना असा सराव सहज देता येईल.

आता खर्चाचे बघू. तालुक्याच्या गावी दहा-वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांना महागडा चष्मा परवडेलच असे नाही. पण या साऱ्या संशोधनाचे सार फुकट घेता येते. सोनोग्राफीचे यंत्र खांद्यामागे किंवा बाजूला न ठेवता, खाटेच्या पलीकडे, डॉक्टरांच्या अगदी समोर, सुईच्या रेषेत ठेवावे. पडदा खाली, हाताच्या जवळ आणावा. मान न वळवता, फक्त बुबुळे उचलून तो दिसला पाहिजे. प्रोबची डावी-उजवी बाजू पडद्याशी जुळवून घ्यावी. पैशाचा खर्च नाही; खाट आणि यंत्र हलवण्याचे दोन मिनिटांचे काम आहे. चष्म्याने जे साधायचे त्यातले बरेचसे एवढ्यानेही साधते.

आपल्या भागात एक अडचण मात्र पैशाची नाही. शीर पाहणारे यंत्र आणि गर्भ पाहणारे यंत्र यांची जात एकच. मुलगी नको म्हणून या विद्येचा जो दुरुपयोग झाला, त्याला आळा घालण्यासाठी १९९४ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्याची गरज किती होती हे सांगली जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. म्हणून सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते. मोबाईलला जोडता येणारे हातात मावणारे यंत्रही त्यातून सुटत नाही. मनाला येईल तेव्हा पिशवीत घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात ते नेता येत नाही. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना याचा जाच होतो हे खरे; पण कायदा का झाला हेही खरे. दोन्ही सांभाळण्याची वाट एकच: ज्या रुग्णालयात गंभीर रोगी ठेवतात तिथे त्या कामासाठी नोंदवलेले यंत्र असावे आणि त्याची कागदपत्रे चोख असावीत.

शेवटी घरच्या माणसांनी लक्षात ठेवाव्यात अशा चार गोष्टी सांगतो. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता माणसाला धीर देत १०८ च्या गाडीने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. लघवी किती होते यावर लक्ष ठेवावे आणि ती कमी झाली तर डॉक्टरांना लगेच सांगावे. मानेत नळी घालायची वेळ आली आणि संमतीचा कागद पुढे आला, तर सही करण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, सोनोग्राफीत बघून घालणार ना?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. यंत्र तिथे नसेल आणि रोग्याला थांबायला वेळ नसेल, तर मात्र हट्ट धरू नये. अनुभवी हात चाचपूनही नळी घालू शकतात. ज्यांना कायमचे डायलिसिस लागते त्यांनी हातावरच्या फिस्टुलाविषयी वेळीच विचारावे. तो तयार व्हायला काही आठवडे लागतात, पण त्याने मानेतल्या नळीची गरज पुष्कळदा टळते.

आणि शिक्षक मित्रांना एक विनंती. काच, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला यांचा प्रयोग या आठवड्यात वर्गात करून दाखवा. उद्या त्याच वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होईल, नर्स होईल, यंत्रे दुरुस्त करील. सुई हातात धरण्यापूर्वी पडदा समोर आणावा, ही गोष्ट त्यांना तेव्हा वेगळी शिकवावी लागणार नाही.